दिवाणखान्यातील बरणी आणि खिडकीतला कप

जुन्या वस्तूंची ओढ माणसाला पूर्वीपासूनच आहे. परंतु अलीकडे या ओढीला एक निराळेच वळण लागले आहे. शहरांतील दिवाणखान्यांत किंवा नव्याने निघालेल्या उपाहारगृहांत पाहावे, तर तपकिरी-पांढऱ्या चिनी मातीच्या बरण्या, निळ्या नक्षीच्या बशा आणि जुन्या किटल्या हौसेने मांडलेल्या दिसतात. ज्या बरणीत एके काळी वर्षाचे लोणचे मुरत असे, तिच्यात आज वाळलेल्या फुलांचे तुरे उभे असतात. ‘व्हिंटेज’ हा शब्द उच्चारला की वस्तूचा भावही चढतो. या हौसेला नावे ठेवण्यासाठी मी लिहीत नाही. जुने भांडे फुटून उकिरड्यावर जाण्यापेक्षा कोणाच्या घरात मानाने राहिले तर ते चांगलेच आहे. माझे म्हणणे एवढेच, की भांडे घरात आणताना त्याची हकीकत उंबऱ्याबाहेर ठेवू नये.

साधी लोणच्याची बरणीच घ्या. हिंदी-उर्दूत तिला ‘मर्तबान’ म्हणतात. ब्रह्मदेशातील मर्तबान या बंदरातून मोठमोठे झिलईदार रांजण देशोदेशी जात, म्हणून त्या बंदराचे नावच भांड्याला चिकटले. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने आपल्या प्रवासवर्णनात आले, मिरी, लिंबू आणि आंबा भरलेल्या मर्तबानांचा उल्लेख केला आहे. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील ही बरणी सहा-सातशे वर्षांच्या दर्यावर्दी व्यापाराची वारस आहे.

तिच्या मागे शास्त्रही आहे. आपल्या कुंभाराचे तांबडे मडके साधारणतः हजार अंशांच्या आतल्या आचेवर भाजते. ते सच्छिद्र राहते, पाणी झिरपते आणि म्हणूनच गार होते. बरणीची माती मात्र बाराशे अंशांच्या आसपास भाजावी लागते. तेव्हा ती दगडासारखी घट्ट होते, आणि वरच्या काचेसारख्या झिलईमुळे आंबट-खारट पदार्थाचा तिच्यावर परिणाम होत नाही. काही प्रकारांत तर धगधगत्या भट्टीत मीठ टाकतात. मिठातील सोडियम मातीतील वाळूच्या अंशाशी संयोग पावते आणि भांड्यावर काचेचा थर चढतो. हे काम करणारे हात कोणाचे होते? सौराष्ट्रातील थान येथे परशुराम गणपुले या मराठी माणसाने पॉटरीचा कारखाना काढला आणि त्या भागात हा धंदा रुजला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? बरणी विकत घेणारा तिच्या रंगाची चौकशी करतो. त्या भट्टीपुढे उभे राहणाऱ्या कामगाराची चौकशी क्वचितच कोणी करतो.

‘जुने’ म्हणजे काय, याचाही घोळ आहे. १९७२ च्या पुरातन वस्तू व कलानिधी अधिनियमाप्रमाणे अशी कलाकुसरीची वस्तू निदान शंभर वर्षांची असेल तरच ती ‘पुरातन’ ठरते, आणि मग ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. ‘व्हिंटेज’ शब्दाला असा काही कायदेशीर अर्थ नाही. तो दुकानदाराच्या तोंडचा शब्द आहे. मुंबईच्या चोरबाजारात बशी हाती आली, तर ती उलटी करून तळ पाहावा. तेथे नुसते ‘इंग्लंड’ असे असेल तर ती बहुधा १८९१ नंतरची. कारण त्या सुमारास आयात मालावर देशाचे नाव हवे, असा कायदा अमेरिकेने लागू केला आणि इंग्रज कारखानदार तसा शिक्का मारू लागले. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर बहुधा विसाव्या शतकातली. वस्तूला बोलते करण्याची ही पहिली पायरी होय. पण कारखाना आणि साल समजले म्हणजे हकीकत संपली असे होत नाही.

आपल्याकडे संग्रहाच्या दोन परंपरा आहेत. एक सर रतन टाटा यांची. त्यांनी जमवलेले चिनी आणि जपानी पोर्सेलीन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहे, आणि त्याचे सौंदर्य वादातीत आहे. दुसरी परंपरा पुण्याच्या दिनकर केळकरांची. त्यांनी दिवे, अडकित्ते, फण्या, स्वयंपाकाची भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या आणि आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभारले. तेथे अडकित्ता पाहताना तो वापरणारा हात डोळ्यांपुढे येतो. घर सजवणाऱ्याने निदान थोडी तरी दृष्टी या दुसऱ्या परंपरेकडून घ्यावी, असे मला वाटते.

कोणी म्हणेल, शोभेच्या वस्तूंवर एवढे ओझे कशाला? त्याचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही, घरात सापडले. माझी आई चार घरची धुणीभांडी करते. सुट्टीत मीही तिच्याबरोबर जाते. त्यांपैकी एका घरी काचेच्या कपाटात जुने इंग्रजी कप ओळीने मांडले आहेत. पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवले जातात. त्याच घरी मागच्या खिडकीत एक कान तुटलेला कप पालथा घातलेला असतो. तो आईचा. तिने त्यात चहा घ्यायचा, तिनेच तो विसळायचा आणि पुन्हा खिडकीत पालथा घालायचा. कपाटातले शंभर कप आई रोज आपल्या हाताने पुसते, पण त्यांतल्या एकालाही तिने ओठ लावायचे नाहीत. दोन्ही कप एकाच चिनी मातीचे. मग एक कपाटात आणि एक खिडकीत, हे कोणी ठरवले?

आपल्या संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने उपाहारगृहांतील भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला मज्जाव करणे हा गुन्हा ठरवला. कायदा करणाऱ्यांना कपबशीचा मुद्दाम विचार करावा लागला, यावरूनच या साध्या वस्तूच्या पोटात काय दडले आहे ते कळते. घराच्या खिडकीपर्यंत मात्र कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे आपल्यालाच पोहोचावे लागेल.

म्हणून माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींना आणि गुरुजनांना एक सूचना करावीशी वाटते. येत्या स्नेहसंमेलनात आपण रांगोळी आणि पुष्परचनेचे प्रदर्शन भरवूच. त्याच्या जोडीला जुन्या भांड्यांचेही एक प्रदर्शन भरवावे. प्रत्येकाने घरातून एक भांडे आणावे. बरणी, बशी, मडके, काहीही चालेल. सोबत एका चिठ्ठीवर लिहावे, की हे कोणी घडवले, कोणी घासले, त्यातून कोण जेवले आणि कोणाला त्यातून जेवू दिले नाही. हे लिहायचे तर आजीला विचारावे लागेल, कुंभारवाड्यात जावे लागेल, मोलकरणीशी दोन शब्द बोलावे लागतील. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून चांगला अभ्यास कोणता?

आई परवानगी देईल तर तो खिडकीतला कपही मी त्या टेबलावर ठेवीन. त्याचे वय शंभर नाही आणि चोरबाजारात त्याला कोणी चार आणेही देणार नाही. पण त्याच्यासारखा कप यापुढे कोणत्याही घरात वापरात न राहता केवळ प्रदर्शनातच पाहायला मिळावा, एवढी एकच माझी इच्छा आहे.

— द्वितीय वर्ष, कला