दिव्याला नव्हे, डाखाला गुण द्या

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याने जोडलेल्या सर्किटला वीज देताच दिवा लागला की परीक्षकांचे समाधान व्हावे आणि त्यांनी गुण मांडून पुढच्या टेबलाकडे वळावे, ही रीत पुष्कळ ठिकाणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही उणे आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. माझ्या मते ती मुळातच सदोष आहे. कारण अर्धवट बसलेला डाखही परीक्षेच्या दिवशी बिनतक्रार वीज वाहून नेतो, आणि पुढे यंत्राचे तापणे-निवणे व हादरे यांनी त्यात सूक्ष्म चीर पडली म्हणजे ‘ड्राय सोल्डर’ असे निदान होऊन मूळ डाख देणाऱ्याची कसूर निस्तरण्याचे काम दुरुस्तीच्या दुकानातील कारागिराच्या वाट्याला येते.

वास्तविक डाखाची कृती दोन-तीन सेकंदांची, पण तिचा क्रम सोडून चालत नाही. पार्टचा पाय अगदी बुडाशी न मोडता किंचित अंतर राखून वाकवावा, बोर्डाच्या छिद्रातून ओवावा, सोल्डरिंग आयर्नचे कल्हई केलेले टोक पाय आणि तांब्याचे पॅड या दोहोंना एकाच वेळी टेकवावे, आणि सोल्डरची तार आयर्नवर नव्हे, तर तापलेल्या सांध्यावर लावावी. नंतर आधी तार काढावी, मग आयर्न उचलावे, आणि सोल्डर गोठेपर्यंत पाय तसूभरही हलू देऊ नये. आयर्नवरच सोल्डर वितळवून तो थंड पॅडवर पुसणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून घडते ते असे, की तारेच्या पोटातली राळ सांध्यापर्यंत पोहोचण्याआधीच जळून जाते. तांब्यावरचा ऑक्साइडचा थर दूर करणे हे तिचेच काम असल्यामुळे, ती नाही तर सोल्डर धातूला भिजवीत नाही, अळवाच्या पानावरील पाण्याप्रमाणे गोळा होऊन बसतो. उलट आयर्न फार वेळ दाबून धरले, तर कथील आणि तांबे यांच्या संयोगाने होणारा, खऱ्या डाखाचा आधार असलेला पातळ थर जाड व ठिसूळ होतो, आणि पॅडही बोर्डापासून सुटू लागते.

डाख चकाकला म्हणजे तो उत्तम, ही जुन्या उस्तादांची कसोटीही आता पुरी पडत नाही. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचा सोल्डर १८३ अंशांवर वितळतो व खरोखरच लखलखतो. परंतु युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध घातल्यानंतर जे शिसेरहित मिश्रण सर्वत्र रूढ झाले, ते सुमारे २१७ ते २२० अंशांना वितळते आणि निर्दोष असूनही काहीसे मंदच दिसते. म्हणून चकाकीवर न जाता, सोल्डर पायाभोवती सर्व बाजूंनी चढून पॅडच्या कडेपर्यंत अंतर्वक्र उताराने पसरला आहे किंवा नाही, हे पाहावे लागते. आणि तेवढे पाहण्यास एक साधे भिंग पुरते.

कारखान्यांत हे काम यंत्रे करतात, मग हाताच्या डाखाची एवढी मातब्बरी कशाला, असा आक्षेप येईल. पण नवा नमुना बांधणे, बिघडलेला बोर्ड दुरुस्त करणे, यंत्राच्या डाखातील दोष ओळखणे ही कामे माणसाकडेच राहिली आहेत; आणि ज्याने स्वतः नेटका डाख दिला नाही, त्याला दुसऱ्याच्या डाखातील उणीव दिसणार कशी?

सबब प्रात्यक्षिकाच्या निम्म्या गुणांची तरतूद डाखासाठी स्वतंत्र असावी. परीक्षकाने वीज देण्यापूर्वी बोर्ड उलटा धरून एकेक सांधा भिंगाखाली तपासावा, सदोष सांध्यावर खूण करावी, आणि विद्यार्थ्याला तो उसवून पुन्हा देण्याची मुभा द्यावी. त्याचबरोबर राळेच्या धुराने दमा जडू शकतो, म्हणून टेबलापाशी धूर ओढून घेणारा पंखा बसवावा, आणि शिशाचा सोल्डर हाताळल्यावर हात धुतल्याखेरीज कोणासही डबा उघडू देऊ नये.