ओव्हरड्राइव्ह आणि हळदीतला बँजो

गेल्या महिन्याभरात तीन मित्रांनी एकच प्रश्न विचारला. "गिटारसाठी ओव्हरड्राइव्ह पेडल कुठलं घेऊ?" मी उलट विचारलं, "अँप कुठला आहे? आणि वाजवणार कुणाबरोबर?" तिघांनाही ते आवडलं नाही. त्यांना फक्त नाव हवं होतं. असो.

मीही असंच नाव विचारून एक महागडं पेडल घेतलं होतं. रात्री-रात्री व्हिडिओ बघून. पुण्याच्या फ्लॅटमध्ये, हेडफोनवर, काय आवाज लागायचा म्हणता! गेन फुल, अँपवरचे मिड्स शून्य. अगदी लोण्यासारखा.

मग चांदवडला चुलतभावाची हळद होती. म्हटलं, दाखवू जरा गावाला. आधी तर भुणभुण सुरू. जुन्या घराला अर्थिंग धड नाही, आणि गेन वाढवला की सुरासोबत तीही वाढते. अडॅप्टर काढून नऊ व्होल्टची बॅटरी लावली, थोडी कमी झाली. तेवढ्यात ढोल-ताशा सुरू झाला आणि मी संपलोच. बोटं हलताहेत, आवाज नाही!

शेजारी बँजोवाले काका होते. टाइपरायटरसारख्या कळांचं ते वाद्य, त्याला पिकअप, पुढे भोंगा. त्यांचा एकेक सूर गल्लीच्या टोकापर्यंत. गाणं संपल्यावर म्हणाले, "काय रे भाऊ, तुझावाला आवाज गेला कुठं?"

त्याचं उत्तर मला नंतर सापडलं. खालचा पट्टा ढोल खातो, वरचा ताशा. सुरांसाठी उरते मधली जागा, आणि तीच मी अँपवर शून्य केली होती. भोंग्यातून बास येतच नाही, सगळा जोर मधल्या पट्ट्यात. काकांना ते आयतंच मिळालं होतं. आणि गंमत म्हणजे आयबानेझचं प्रसिद्ध ट्यूब स्क्रीमर नेमकं हेच करतं. बास कापतं आणि साधारण ७०० हर्ट्झच्या आसपास आवाजाला उठाव देतं. घरी एकट्याने वाजवताना तो नाकातला वाटतो, बँडमध्ये तोच कापत पुढे येतो.

अजून एक योगायोग. काकांचा बँजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज ताइशोगोतो १९१२ साली जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी बनवला. आयबानेझची मालक कंपनीही नागोयाचीच. म्हणजे त्या हळदीत नागोयाच्या एका वाद्याने माझी विकेट घेतली, आणि त्यावरचा उपाय पण नागोयाचाच!

तर माझं मत. रिक्वायरमेंट न विचारता कोड लिहू नये, तसं अँप न बघता पेडल घेऊ नये. व्हॉल्व्हचा अँप असेल तर पेडलचा गेन कमी, लेव्हल जास्त ठेवा. अँपला ढकला, खरं ओव्हरड्राइव्ह तिथे होतं. साधा ट्रान्झिस्टरचा अँप असेल तर तो अशा ढकलण्याने गोड होत नाही, तिथे पेडललाच सगळं काम करावं लागतं. मग मिड्सचा उठाव असलेलंच घ्या. काहीच ठरत नसेल तर बॉसचं एसडी-१ घ्या. १९८१ पासून आहे, मजबूत आहे आणि खिशाला परवडतं. १९९४ च्या क्लॉन सेंटॉरचा नाद सोडा. जुनं मूळ पेडल आज लाखांत जातं, आणि त्यातला फरक ताशापुढे कुणाला ऐकू येणार?

आणि दुकानात एकट्याने वाजवून ठरवू नका. शेजारी कुणीतरी ड्रम बडवत असताना वाजवा.

माझं महागडं पेडल अजून आहे. मिड्स वर केले, गेन निम्म्यावर आणला. पुढच्या लग्नाला काकांच्या शेजारीच उभा राहणार आहे. बघू, या वेळी काय म्हणतात!