खांदेमळणी माणसाचीही हवी

हळुवार हाताने अंग चोळलं, दाबलं, शेकलं की दुखणं हलकं होतं आणि मनावरचा ताणही उतरतो, असं म्हणताच आक्षेप सुरू होतात. पहिला आक्षेप असा की हे शहरातल्या खुशालचेंडूंचे चोचले. घाटंजीच्या शेतात राबणाऱ्यांना त्याचं काय? हा आक्षेप सगळ्यांत उथळ आहे, म्हणून आधी त्याचाच समाचार घेऊ.

यवतमाळ जिल्ह्यातला घाटंजी तालुका कपाशी, सोयाबीन, तुरीचा. १५-१६ लिटरचा फवारणी पंप भरून पाठीवर घेतला की माणूस तासन्‌तास ओळींमधून चालतो. वेचणीला बाई कमरेला ओटी बांधून वाकते. मजुरी किलोवर, म्हणून पाठ सरळ करायलाही ती कचरते. घरी आल्यावर चूल आहेच. रात्री कंबर धरली की गोळी, तीही बहुधा उपाशीपोटी. अशा वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात व्रण होऊ शकतात, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. मग चोचले कशाला म्हणायचं? पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांद आपण गरम पाण्याने शेकतो, तूप-हळद लावून मळतो. जू ओढणाऱ्या खांद्याला हात लागतो, हे शेतकऱ्याला शिकवावं लागलं नाही. पंपाचे पट्टे ज्या खांद्यांत रुततात त्यांनाही तोच न्याय लावा. बाळंतिणीला सव्वा महिना तेल-शेक मिळतो. पुढे म्हातारपणापर्यंत त्याच बाईच्या पाठीला कुणाचा हात लागत नाही. आपल्या घरांचं हे मोठं वैगुण्य आहे, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: औषध नाही, सुई नाही, म्हणजे सगळा मनाचा खेळ. पण १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी मांडलं की वेदनेचा निरोप मज्जारज्जूत जसाच्या तसा पुढे जात नाही. स्पर्शाचे निरोप तिथे त्याची वाट अडवू शकतात. ठेच लागली की आपण आपोआप बोट का चोळतो, याचा उलगडा त्यात आहे. नंतरच्या संशोधनात त्वचेतले असे बारीक मज्जातंतू सापडले, जे सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर अशा संथ, कोमट हाताच्या स्पर्शाला सर्वाधिक दाद देतात. आई लेकराच्या पाठीवरून हात फिरवते, साधारण त्याच वेगाचा हा स्पर्श. स्पर्श आणि दाब ओळखणारे संवेदक शोधल्याबद्दल अर्देम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये नव्याने उद्‌भवलेल्या कंबरदुखीसाठी डॉक्टरांना सांगितलं ते हेच, की आधी शेक, मालिश यांसारखे उपाय करा, गोळ्या नंतर. गुण मध्यम येतो, तो फार काळ टिकत नाही आणि सोबत व्यायाम लागतो, हे मान्य. पण रात्रीची झोप लागण्याएवढा उतार ज्याला मिळाला, त्याच्यासाठी तो खराच असतो.

खरी लढाई आहे ती आपल्याच बाजूने बोलणाऱ्यांशी. हाताने सगळं बरं होतं, असं सांगणारे या विद्येचं जेवढं नुकसान करतात तेवढं तिचे विरोधकही करत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या टॉम बोवेन यांच्या नावाची हलक्या दाबाची पद्धत असो की कवटीची हाडं हळुवार धरण्याची क्रेनिओसेक्रल पद्धत, त्यांच्या मोठमोठ्या दाव्यांमागचा पुरावा तोकडा आहे. मनावरच्या आघाताच्या आठवणी स्नायूंत साठतात आणि दाबून बाहेर काढता येतात, हेही सिद्ध झालेलं नाही. धक्का बसलेल्या माणसाचे खांदे आखडतात, श्वास उथळ होतो, झोप उडते. विश्वासाच्या स्पर्शाने ते थोडं सैल होऊ शकतं. एवढंच म्हणावं. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. अशी उसण बहुतेकदा काही दिवसांत आपोआप उतरते आणि श्रेय पायाळूला जातं. पायाला बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा गेला, कंबरदुखीसोबत ताप आला, तर चोळत बसणं म्हणजे जिवाशी खेळ. फवारणीनंतर मळमळ, अंधारी, हातपाय थरथरणं असेल तर कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि तडक दवाखाना गाठा. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्याने विषबाधेचे बळी मोजले आहेत. आयुर्वेदकार वाग्भटानेही अभ्यंग, म्हणजे तेलमालिश, सांगताना तो अजीर्णात, कफविकारात वर्ज्य सांगितला. जुन्या वैद्यकाला मर्यादा कळत होती.

मनाच्या आघाताबाबत तर दुप्पट सावधपणा हवा. मार खाल्लेल्या बाईला अनोळखी हात म्हणजे पुन्हा भीतीच. म्हणून आधी विचारावं, बाईला बाईनेच हात लावावा, तळहात-तळपाय पुरेसे मानावेत, "नको" म्हटलं की थांबावं. आघातावरचा मुख्य उपचार प्रशिक्षित माणसाशी बोलण्याचा आहे. स्पर्श त्याच्या सोबतीला.

यवतमाळ जिल्ह्यात आत्महत्यांनी घरं उद्ध्वस्त झाली, तेव्हा २०१५ मध्ये सरकारने इथे बळीराजा चेतना अभियान सुरू केलं. सरकारच्याच प्रेरणा प्रकल्पात आशाताई शेतकरी कुटुंबांच्या मनाची विचारपूस करतात. तिथेच शरीराचीही विचारपूस जोडता येईल. झोप का येत नाही, खांदा किती दिवस दुखतो, हेही विचारावं. गावातल्या जुन्या सुइणींच्या हातांना शतकांचा सराव आहे. त्यांना आणि आशाताईंना फिजिओथेरपिस्टने सुरक्षित चोळणं, शेक, चार व्यायाम आणि धोक्याच्या खुणा शिकवाव्यात. आठवडी बाजाराला माणसं तशीही घाटंजीला येतात; त्या दिवशी सरकारी दवाखान्यात ही सेवा मोफत मिळावी. मन फारच खचलं असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर बोलता येतं, हेही तिथेच सांगावं. यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि ग्रामपंचायतींनी पुढच्या फवारणीआधी एवढं करावं.