कायदा सांधे मोजतो, आजार शरीर पोखरतो!

संधिवात म्हणजे म्हातारपणाचे दुखणे, अशी आपल्या समाजाची समजूत आहे. रुमॅटॉईड आर्थ्रायटिस, ज्याला आपण आमवात म्हणतो, तो मात्र बहुधा तिशी ते साठीच्या दरम्यान, ऐन कमावत्या वयात गाठतो. आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पटीने अधिक.

शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच यात शरीरावर उलटते. सुजलेली बोटे लोकांना दिसतात. पण फुप्फुसे कडक होऊन धाप लागते, रक्त कमी होते, डोळे कोरडे पडतात, हृदयविकाराचा धोका सुमारे दीडपट होतो, हे दिसत नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत राबणाऱ्या भगिनीला हा आजार जडला, की मजुरी बुडते आणि वर कामचुकारपणाचा शिक्का बसतो.

कायदा तिला काय देतो? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व आहे. त्यात आमवाताचे नाव नाही. तिला 'अस्थिव्यंग' या दारानेच आत जावे लागते. तेथे सांधा किती वळतो, स्नायूंत किती बळ आहे, हे मोजले जाते. धाप आणि थकवा त्या मोजमापात बसत नाहीत. ४० टक्के भरले नाहीत तर आरक्षणासारखे लाभ नाहीत. याच कायद्याचे कलम २० सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्याची नोकरी वाचवते, पण ती सरकारी आस्थापनेतली. शेतमजूर बाईला कोणते कलम वाचवणार?

कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल १९४४ मध्ये आला, तेव्हा केंद्रातील मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. कामगाराचा आजार हे त्याचे नशीब नव्हे, ती व्यवस्थेची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यामागे आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यातील कामगाराला तो विमा मिळतो. शेतमजूर आजही त्याबाहेर आहे.

२०१६ च्या कायद्याच्या अनुसूचीत नवे प्रकार अधिसूचनेने जोडण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. म्हणजे संसदेत नवा कायदा करण्याची गरज नाही, इच्छाशक्ती हवी. आमवाताचा समावेश करा, प्रमाणपत्र देताना फुप्फुस-हृदयाची हानीही मोजा, आणि जिल्हा रुग्णालयात या आजाराची औषधे व रक्ततपासणी नियमित मिळू द्या, या मागण्या चळवळीने लावून धरल्या पाहिजेत. तोवर सकाळी तासभर बोटे आखडत असतील, तर वेदनाशामक गोळ्यांवर दिवस ढकलू नका. उपचार लवकर सुरू झाले तर सांधेही वाचतात आणि शरीरही.

अन्याय दिसत नाही म्हणून तो नसतो असे नाही, हे आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार?