जादू कोणाच्या बाजूची?

ज्या पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि ज्या राज्याला 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तिथे कथा-कादंबरीत जादूई वास्तववादाचे लाड कशाला, असा आक्षेप हटकून घेतला जातो. त्यामागची कळकळ खरी आहे, नेम मात्र चुकला आहे. कायद्याचा रोख चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडणाऱ्या भोंदूवर आहे. कादंबरीकार तसला दावाच करत नाही. बुद्धिवाद्यांना साक्षीदार हवा असेल, तर अण्णाभाऊ साठ्यांनाच बोलवावं. 1958 साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी पृथ्वी शेषाच्या मस्तकावरून उचलली आणि दलित-श्रमिकांच्या तळहातावर ठेवली. पुराणकथा त्याने मोडीत निघाली, हे खरंच. पण भूगोलाच्या पुस्तकातली पृथ्वी तळहातावरही राहत नाही! श्रमाचं वजन सांगायला या पक्क्या कम्युनिस्ट लेखकालाही अद्भुत लागलं, आणि त्यापायी कुणी अंधश्रद्ध झालं नाही. हा तर नुसता अलंकार, असं कुणी म्हणेल. मान्य. जादूई वास्तववाद तोच अलंकार कथेत घटना म्हणून घडू देतो, इतकंच.

समर्थकांचं लाडकं उत्तरही मला पटत नाही. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, रेड्याकडून वेद वदवले, म्हणजे हे आमचंच, असं ते सांगतात. संतचरित्रातला चमत्कार ऐकणाऱ्याचे हात जोडून घेतो. गार्सिया मार्केसच्या 1967 च्या कादंबरीत रेमेदियोस चादरींसकट आभाळात जाते, तेव्हा घरातली फर्नांदा हळहळते ती चादरींसाठी! याच कादंबरीत केळीमळ्यातल्या संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या जातात, नंतर गाव असं काही घडलंच नाही म्हणतं आणि वर्षानुवर्षं पाऊस कोसळत राहतो. कोलंबियात 1928 साली असा गोळीबार खरोखर झाला होता. मग अविश्वसनीय काय, पाऊस की ते कानांवर हात ठेवणं?

आपल्याकडे 1982 चा गिरणी संप झाला, पुढे फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला. जयंत पवारांच्या ज्या कथासंग्रहाला 2012 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याचं नावच ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’. राखेतून उठायचा तो पक्षी उठलाच नाही, मिरवणारा भलताच उठला. गिरणगावाची ही फसवणूक नुसत्या वार्तांकनाच्या चिमटीत सापडत नाही. अर्थात, गिरणीतली पाळी किती तासांची असते हे ठाऊक नसलेल्या लेखकाने आपल्या कथेत असे मोर उडवले, तर बुद्धिवाद्यांइतकाच मीही वैतागतो.