दवाखान्यातली दोन मिनिटे

तालुक्याच्या गावातल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात संध्याकाळी सातच्या सुमारास बाकावर जागा मिळणे कठीण असते. सकाळीच कंपाउंडरला फोन करून नाव लिहून ठेवलेले असते, पण त्या नावापुढे आकडा पडतो, वेळ पडत नाही. तेहतिसावा नंबर म्हणजे आठ वाजता की साडेनऊ वाजता, हे कोणीच सांगू शकत नाही. तास-दीड तास ताटकळल्यावर आत जायला मिळते आणि थोड्याच वेळात माणूस चिठ्ठी घेऊन बाहेर येतो. प्राथमिक पातळीवर डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतात, याचा 67 देशांतल्या उपलब्ध अभ्यासांचा आढावा 2017 साली ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात आला. त्यात स्वीडनची सरासरी साडेबावीस मिनिटांची होती, बांगलादेशची 48 सेकंदांची आणि भारताची सुमारे दोन मिनिटांची. डॉक्टरांची संख्या वाढल्याशिवाय ही दोन मिनिटे फारशी वाढणार नाहीत. मात्र ती कशात जातात, हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही हातात आहे, आणि तिकडे आपण लक्षच दिलेले नाही.

ती जातात शोधाशोधीत. कोणत्या गोळ्या चालू आहेत, या प्रश्नाला ‘सकाळी एक पांढरी, रात्री एक गुलाबी’ असे उत्तर मिळते. मागच्या वेळची चिठ्ठी घरी राहिलेली असते, रक्ताचा रिपोर्ट मुलाच्या मोबाइलमध्ये असतो आणि मुलगा पुण्याला. यात निव्वळ वेळ जात असता तर एक वेळ चालले असते, पण इथे आजाराचे निदानच चुकू शकते. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी रक्तदाब वाढवते आणि मूत्रपिंडावरही ताण आणते. ती गोळी चालू आहे हे कळले नाही, तर डॉक्टर रक्तदाबाच्या औषधाचा डोस वाढवून मोकळे होतात. ‘जरा खोकला आहे’ आणि ‘अडीच आठवडे खोकला आहे’ यांत केवढे अंतर आहे पाहा. खोकला दोन आठवडे टिकला की क्षयाची तपासणी करायची, असे सरकारी कार्यक्रमच सांगतो. त्यातून महत्त्वाची तक्रार बहुधा शेवटी, खुर्चीतून उठता उठता सांगितली जाते. सर्दीबद्दल बोलून झाल्यावर दाराशी आठवते, की हल्ली जिना चढताना छातीत भरून येते. म्हणून निघण्यापूर्वी कागदावर चार ओळी लिहाव्यात: मुख्य त्रास कोणता आणि कधीपासून, चालू औषधे कोणती (काढे, चूर्णे, दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्या धरून), कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे आणि काय विचारायचे आहे. छातीतला त्रास पहिल्या ओळीत यावा, सर्दी शेवटच्या.

अनेक डॉक्टरांना हे पटत नाही. रुग्णाला बोलू दिले तर तो घरच्या कहाण्या सांगत बसेल, अशी त्यांना भीती वाटते. ही भीती मोजून पाहिली गेली आहे. 1984 साली अमेरिकेतल्या बेकमन आणि फ्रँकेल यांच्या अभ्यासात रुग्णाचे पहिले निवेदन डॉक्टर सरासरी 18 सेकंदांतच तोडत असल्याचे दिसले. पुढे स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांनी न अडवता ऐकायचे ठरवले, तेव्हा रुग्ण सरासरी 92 सेकंदांत आपणहून थांबले. त्या रुग्णालयात आलेल्यांचे आजार गुंतागुंतीचे होते, तरीही. आपल्या दोन मिनिटांच्या हिशोबात दीड मिनिट फार वाटेल, हे खरे. पण मुद्देसूद बोलणाऱ्या रुग्णाला तेवढेही लागणार नाही, आणि अर्धवट ऐकून दिलेल्या औषधाने गुण आला नाही की तोच माणूस चार दिवसांनी पुन्हा त्याच बाकावर येतो.

दुसरा बदल कंपाउंडरच्या वहीत करायचा आहे. नंबराऐवजी वेळ देणे खेड्यापाड्यांत जमणार नाही, असा आक्षेप येतो: आजार सांगून येत नाही, आणि एसटीने येणाऱ्याची वेळ एसटी ठरवते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण ब्रिटनमध्ये बेली आणि वेल्च यांनी 1952 साली रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांसाठी हे गणित मांडले तेव्हापासून त्याचा गाभा साधा आहे. सुरुवातीला एखादा रुग्ण जास्तीचा बोलवावा आणि पुढे तपासणीला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतराने एकेकाला वेळ द्यावी. मिनिटाचा काटा पाळायची गरज नाही. साडेसहा ते सात या वेळात दहा जण, सात ते साडेसातमध्ये दहा, आणि प्रत्येक अर्ध्या तासात तीन-चार जागा तातडीच्या व बाहेरगावच्या रुग्णांसाठी मोकळ्या, एवढे कोणत्याही कंपाउंडरला वहीतच जमेल, त्याला अॅप लागत नाही. फ्लूचा रुग्ण, गरोदर बाई आणि तान्हे मूल यांना कोंदट खोलीत दीड तास शेजारी बसवणे हे वैद्यकीयदृष्ट्याही चूक आहे. रुग्णानेही, येणार नसेल तर, फोन करून नाव काढायला हवे.

ज्यांना लिहिता येत नाही, ज्या आजींना फोन लावता येत नाही, त्यांचे काय, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. त्यांच्यासाठी कागदाचा आग्रह सोडावा. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून ती टेबलावर ठेवली, तरी निम्मे काम होते. दवाखान्यात बाकावर बसलेल्यांकडून चार प्रश्नांची उत्तरे कंपाउंडरनेच केसपेपरवर उतरवली, तर उरलेलेही होईल. सरकारी रुग्णालयांत केसपेपरची रांग आटोक्यात आणण्यासाठी 2022 पासून ‘स्कॅन अँड शेअर’ ही मोबाइलवरून नोंदणी करण्याची सोय आली. ती चांगली आहे, पण त्यामुळे वाचतो तो खिडकीसमोरचा वेळ, डॉक्टरसमोरचा नव्हे. या सगळ्याने सरकारला मोकळे सोडले जाते, असेही कोणी म्हणेल. तसे होऊ नये. आरोग्य केंद्रांतली रिक्त पदे भरण्याची मागणी तितक्याच जोराने करत राहायला हवी, पण ती पूर्ण होईपर्यंत आजारी माणसाला थांबता येत नाही.

राहिला संकोच. डॉक्टरांना उलट कसे विचारायचे, या भिडेपोटी चुकीचे डोस घेतले जातात. औषधाचे नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत आणि जेनेरिक नावाने लिहावे, असा वैद्यकीय परिषदेचा 2016 पासूनचा नियम आहे. तेव्हा चिठ्ठी हातात पडली की ती वाचून पाहा, गोळी जेवणाआधी की नंतर आणि किती दिवस, हे आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगा, आणि अक्षर लागत नसेल तर तिथेच पुन्हा लिहून मागा.