परस गेला, चिमणी कुठे राहणार?

पुणे : पत्र्या मारुतीपासून नदीकडे उतरताना चैत्रातल्या पहाटे आजही कोकीळ ऐकू येतो. तांबटाची एकसुरी टुकटुक भर दुपारीही थांबत नाही. आषाढात कोकिळेचे पिल्लू कावळ्यामागे चोच वासून हिंडते आणि थंडीत भिडे पुलालगतच्या खडकांवर धोबी शेपटी हलवीत फिरतो. नारायण पेठेचे हे ऋतुचक्र अद्याप मोडलेले नाही. मात्र ज्या पाखराला कोणताही ऋतू वर्ज्य नव्हता, ती वळचणीची चिमणी पेठेतून उठत चालली आहे.

तिच्या जाण्याचा दोष सर्रास मोबाईलच्या मनोऱ्यांवर ढकलला जातो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालाने या समजुतीला ठोस आधार आढळत नसल्याचे नमूद केले. देशभराचा विचार करता चिमणी बव्हंशी स्थिर आहे, घट आहे ती मोठ्या शहरांत, असेही हा अहवाल सांगतो. तेव्हा शोध घ्यायचा तो शहराच्या बांधणीचा.

पेठेतील वाडा हे माणसाबरोबरच पाखराचेही घर होते. कौलांखालची पोकळी, तुळईच्या टोकाशी राहिलेली फट, मातीच्या भिंतीतील कोनाडा या चिमणीच्या हक्काच्या जागा. मागे परस असे. तेथे जास्वंद, कण्हेर, पारिजातक, कढीपत्ता आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळ. शिंपी याच झुडपांची पाने शिवून घरटे करी, शिंजीर जास्वंदीपाशी येई. महत्त्वाचे म्हणजे परसात माती होती आणि मातीत किडे होते. चिमणी स्वतः दाणे खाते. परंतु पिल्लांना पहिले काही दिवस भरवते ते प्रामुख्याने किडे आणि अळ्याच. सज्जात धान्य व लाकडी खोपा ठेवूनही ती टिकत नाही, त्याचे एक कारण यात आहे.

१२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे अनेक वाडे पाडले. उरलेल्यांचा क्रम आता पुनर्विकासात लागतो आहे. मोडकळीस आलेल्या वाड्यात जीव मुठीत धरून राहणाऱ्यांना पाखरांसाठी थांबा, असे कोणी सांगू नये. पण गावठाणात सामासिक जागा आधीच तोकडी. उरते ती वाहनतळात आणि सिमेंटच्या ठोकळ्यांखाली जाते. माती दिसते ती कुंडीपुरती.

या ठिकाणी कायदाही अपुरा पडतो. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील वृक्षांसाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद झाली. तथापि या सगळ्या हिशेबात मोजला जातो तो वृक्ष. जास्वंदीची जाळी वा वळचणीची फट कोणत्याच नकाशात नोंदली जात नाही. शिवाय नवी झाडे दूरच्या टेकडीवर लागली, तर पेठेतल्या शिंप्याला त्यांचा काय उपयोग?

रिकामी झालेली जागा पारव्यांनी घेतली आहे. खडकाच्या कपारीत राहणाऱ्या या पक्ष्याला इमारतीचे सज्जे आणि वातानुकूलन यंत्रामागची खाच सोयीची वाटते. त्यात दाण्याची भर आपण घालतो. मुंबईत २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून उसळलेला वाद यामुळे पेठकऱ्यांना परका वाटू नये.

खर्चाविना होण्याजोगी एक गोष्ट वेळापत्रकाची आहे. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटण्याची लगबग एप्रिल-मेमध्ये चालते. कावळ्याच्या घरट्यांचा काळही हाच, आणि कोकिळा आपली अंडी त्यातच घालते. पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत येते, हे फांदीवर करवत चालविणाऱ्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते. धोकादायक फांद्या जानेवारीतच उतरविल्या, तर वळवाच्या वाऱ्याची भीतीही टळेल आणि घरटीही वाचतील. दुसरी गोष्ट नकाशा मंजुरीला जाण्याआधीची : मागच्या कोपऱ्यात फरशीविना दोन हात माती आणि भिंतीत चार-सहा पोकळ विटा. वास्तुरचनाकाराला हे सांगावे लागेल ते रहिवाशांनीच, कारण नियम ते मागत नाही.